किरकोळ नावाच्या फाईलची मालकीण

ऑफिसात तिला सगळे कप्पेताई म्हणत. म्हणजे तोंडावर नुसतं ताई, पाठ फिरली की कप्पेताई, आणि ती संतापून खुर्चीतून उठली की नुसतंच 'आल्या बघा'. हे नाव कुणी ठेवलं ते कुणी कबूल करत नव्हतं, पण का ठेवलं हे तिच्या टेबलाचा खण एकदा उघडणाऱ्याला सांगावं लागत नसे. सरळ टाचण्या एका डबीत, वाकलेल्या दुसरीत, आणि ज्या सरळ करून पुन्हा वापरता येतील अशा तिसरीत. चार्जरच्या वायरींना चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्या ज्या पाकिटातून आल्या, त्या पाकिटालाही चिठ्ठी. नवरा म्हणे गमतीने सांगायचा की लग्नानंतर आठवडाभर आपल्यालाही कुठेतरी चिठ्ठी चिकटवलेली असेल म्हणून तो आरशात पाठ बघत असे.

आणि अशा बाईच्या नशिबी किरकोळ नावाची फाईल यावी, याला काय म्हणायचं.

ऑफिस म्हणजे फरशीच्या दुकानाच्या माडीवर एक लांबट खोली, तिच्यात पाच-सहा टेबलं आणि नेहमी कुणीतरी अर्धवट बंद केलेलं खिडकीचं एक दार. तिथे लॉन्ड्रीवाल्यांसाठी एक प्रोग्रॅम बनवलेला होता. कपडा आला, खूण लावली, पावती फाडली, अमक्या दिवशी या असं सांगितलं, हे सगळं हा प्रोग्रॅम सांभाळायचा. गावातल्या आणि आसपासच्या बऱ्याच लॉन्ड्र्या त्याच्यावर चालत होत्या. आता असा प्रोग्रॅम म्हणजे काही एक लांबलचक गुंडाळी नसते. पावतीचं सगळं एका फाईलीत लिहायचं, गिऱ्हाइकाचं दुसरीत, डागांचं तिसरीत. अशा एकेका फाईलीला म्हणायचं मॉड्यूल, आणि नात्यातली मॉड्यूलं एका फोल्डरात नांदायला लागली की त्यांचं झालं पॅकेज. एकीला दुसरीतलं काही लागलं तर तिने आपल्या डोक्यावरच लिहून ठेवायचं, मला अमकीतलं तमकं हवंय. याला इम्पोर्ट करणं म्हणतात. इतकं सोपं आहे. निदान पुस्तकात तरी.

पण पूर्वी कधीतरी कुणाला तरी दोन ओळी कुठे ठेवाव्यात हे सुचलं नव्हतं. त्याने एक फाईल काढली, तिचं नाव ठेवलं किरकोळ, आणि त्या ओळी तिच्यात टाकून तो जेवायला गेला. त्यानंतर ज्याला ज्याला जेवायची घाई झाली, त्याने त्याने किरकोळमध्ये भर घातली. कोटाची बटणं मोजायचं तिथे, फोनच्या आकड्यांतल्या रिकाम्या जागा काढायचं तिथे, जुन्या गिऱ्हाइकाला सूट द्यायचं तिथे. साहेबांच्या बायकोच्या वाढदिवसाला पडद्यावर फुलं उमलवणारा एक तुकडाही तिथेच होता. ती बाई माहेरी जाऊन बसली त्याला जमाना लोटला, तरी दर वर्षी एका ठरावीक सकाळी सगळ्या लॉन्ड्र्यांच्या पडद्यावर फुलं उमलत. काढायची कुणाची छाती नव्हती.

पावती असो की डाग, प्रत्येक फाईलीच्या डोक्यावर लिहिलेलं, मला किरकोळमधलं हवंय. आणि किरकोळमध्ये काय कुठे आहे हे सांगणारं एकच माणूस, कप्पेताई. म्हणजे जिला पसारा डोळ्यांसमोर सहन होत नाही, तिलाच तो तोंडपाठ. दिवसभर टेबलाशी कुणी ना कुणी उभं. ताई, सूट द्यायचं कुठंय? ताई, हे काढलं तर काही पडेल का? ताई, जरा बघता?

तिला यातून सुटायचं होतं. वरच्या मजल्यावर कंपनीने नवा विभाग उघडला होता. रक्तपेढ्यांसाठी नवाकोरा प्रोग्रॅम लिहायचा होता, पहिल्या ओळीपासून. तिने एकदा काहीतरी निमित्त काढून वर चक्कर मारली आणि तिथल्या मुलीच्या पडद्यावर एक फोल्डर बघितलं. आत काही नव्हतं. एकही फाईल नाही. लोक दागिन्यांच्या दुकानासमोर उभे राहतात, तशी ती त्या रिकाम्या फोल्डरासमोर उभी राहिली, असं वरचे लोक नंतर खाली येऊन सांगत होते.

तिने साहेबांना विचारलं. साहेबांना ऑफिसात बघूसाहेब म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असायचं. पगारवाढ, बघू. पंखा दुरुस्त करायचा, बघू. आग लागली तरी हा माणूस आधी बघू म्हणेल आणि मग खुर्ची मागे सरकवेल. तिच्या बदलीलाही त्यांनी बघू म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. शेवटी तिने त्यांना लिफ्टसमोर गाठलं, अख्खं ऑफिस जेवणाचे डबे घेऊन खाली निघालेलं असताना, म्हणजे पळता येऊ नये अशा वेळी. साहेबांनी लिफ्टचं बटण दाबून बघितलं, लिफ्ट येईना. मग चारचौघांत मोठेपणा दाखवत म्हणाले, "ज्या दिवशी तुमच्याशिवाय दुसरं कुणी या प्रोग्रॅममधली चूक शोधून दाखवील, त्या दिवशी तुम्ही वर जा. माझा शब्द." आणि वर म्हणजे वरच्या मजल्यावर, असा खुलासाही त्यांनी लगेच केला, कारण बाकीचे हसायला लागले होते.

तिने तो शब्द गाठीशी बांधला. किरकोळ फोडायची. प्रत्येक गोष्ट आपापल्या पॅकेजात न्यायची, म्हणजे कुणालाही सापडेल. शिवाय तिने एक नियम काढला, प्रत्येक पॅकेजाच्या पहिल्या ओळीत लिहायचं, 'विचारा', आणि पुढे एका माणसाचं नाव. त्या कप्प्यातलं काही अडलं की त्याला विचारायचं, तिला नाही. पावत्यांपुढे एकाने नाव लावून घेतलं, डागांपुढे दुसऱ्याने. गिऱ्हाइकांचं पॅकेज नवरदेवाकडे गेलं. नवरदेव म्हणजे नव्याने लागलेला तरुण गडी. रोज कडक इस्त्रीच्या कपड्यांत यायचा, आणि लॉन्ड्रीच्या प्रोग्रॅमवर काम करतो म्हणून फुकटात इस्त्री होते अशी त्याच्यावर कुजबुज होती. किरकोळपुढे मात्र कुणी नाव लावेना. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी दोन्ही हात वर केले. "त्या फाईलीला मी जन्मात हात लावलेला नाही," म्हणाले.

तर सुरुवात झाली. आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. तिने गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकात नेलं, पावतीचं पावतीत, आणि मोठ्या समाधानाने प्रोग्रॅम सुरू केला. तो सुरूच होईना. कारण पावतीला नाव छापायला गिऱ्हाईक हवं होतं, आणि गिऱ्हाइकाला जुनी सूट मोजायला पावती हवी होती. पावती म्हणे, गिऱ्हाईक येईपर्यंत मी उघडत नाही. गिऱ्हाईक म्हणे, पावती उघडल्याशिवाय मी येत नाही. दारात दोन सभ्य माणसं 'आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही' करत उभी राहावीत आणि मागे अख्खी रांग तुंबावी, तसं. आजवर या दोघी किरकोळमध्ये एकाच गादीवर झोपत होत्या म्हणून भांडण दिसलं नव्हतं. वेगळं घर करून दिलं आणि एकमेकींवाचून अडायला लागलं.

यावर इलाज असतो. दोघींना जे लागतं ते तिसऱ्या फाईलीत काढायचं, मग दोघी तिच्याकडे जातात, एकमेकींकडे जात नाहीत. तिने सूट मोजायचं गणित तसं वेगळं काढलं. त्या तिसऱ्या फाईलीला नाव काय द्यायचं यात तिची सकाळ गेली. शेवटी तिने नाव दिलं 'सामायिक', आणि जेवायला गेली. परत आली तर नवरदेवाने तिच्यात मोजे मोजायचं टाकून ठेवलं होतं.

तिने विचारलं, मोजे इथे का? तर तो निरागसपणे म्हणाला, की मोजे दोन असतात ना ताई, म्हणून सामायिक.

त्या दिवसापासून तिचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. एक तुकडा हलवला की तीन ठिकाणी ओरड. तिने किरकोळमधून दहा ओळी काढाव्यात आणि मागच्या दाराने कुणीतरी बारा घालाव्यात. तिने फाईलीच्या माथ्यावर ठळक लिहिलं, इथे नवीन काही टाकू नये. दुसऱ्या दिवशी त्या सूचनेच्या बरोबर खाली एक नवा तुकडा होता. कुणी टाकला विचारलं तर पावतीवाल्याने सांगितलं, अहो ताई, तुमचं काम चाललंय तोवर ठेवलाय, मग तुम्ही न्यालच ना नीट जागी. म्हणजे हिने घर आवरायला काढलं तर लोकांनी ओझी आणून तिच्याच अंगणात टाकली. साहेबांकडे तक्रार नेली. साहेब काय म्हणाले ते सांगायची गरज नाही.

घरी जावं तर तिथेही वेगळं नव्हतं. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. खिशातून, बाहीतून, कधीकधी मिशीतूनही त्याच्या बारीकबारीक स्क्रू निघायचे, आणि ते फिरवायचा सुईएवढा स्क्रूड्रायव्हर चमच्यांच्या खणात. तिने त्याला डबी दिली, डबीवर चिठ्ठी लावली. तो डबीत बडीशेप ठेवायला लागला. सासूबाईंची तर गोष्टच निराळी. दारामागे त्यांची एक मोठी कापडी पिशवी टांगलेली असायची. तिच्यात सुया, औषधं, दोऱ्याची रिळं, मोडकं घड्याळ, किल्ल्या, कुणाकुणाचे फोटो, दातांचा जुना संच, सगळं. आणि काहीही मागा, म्हातारी न बघता हात घालून ते काढून द्यायची.

एका संध्याकाळी कात्री सापडेना. कप्पेताईने कात्रीचा कप्पा उघडला तर आत टेप. टेपच्या कप्प्यात चष्म्याच्या काड्या. ऑफिसातला सगळा वैताग त्या काड्यांवर निघाला. सासूबाई उठल्या, पिशवीत हात घातला, कात्री तिच्या हातात ठेवली आणि पुन्हा जाऊन बसल्या. हिला राहवेना. म्हणाली, "आई, त्या पिशवीला निदान आत कप्पे तरी शिवून घ्या."

"तुझ्या डब्यांना नावं लागतात," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पिशवीला मी आहे."

"आणि तुम्ही गावाला गेलात की?"

"म्हणून तर मला कुणी जाऊ देत नाही ना, बाई."

नवरा वर्तमानपत्राआड हसला. कप्पेताईला मात्र ते बोलणं कुठेतरी वर्मी लागलं. रात्री जेवताना तिने दोनदा मीठ वाढून घेतलं आणि एकदाही खाल्लं नाही. साहेब बघू का म्हणतात याचा उलगडा म्हातारीने फुकटात करून दिला होता. बाई वर गेली तर पिशवीत हात कुणी घालायचा?

मग तिने दात खाऊन काम संपवायला घेतलं. तिची रीत अशी होती: किरकोळमधला एकेक तुकडा उचलायचा आणि बघायचं, याला प्रोग्रॅममध्ये कुठून कुणी बोलावतं का? बोलावत असेल तर त्याच्या घरी पोचवायचा. कुणीच बोलावत नसेल तर तो मेलेला समजायचा आणि फेकून द्यायचा. वाढदिवसाची फुलं मात्र बोलावणारं असूनही तिने फेकली, आणि ऑफिसात क्षणभर सगळे साहेबांच्या दारापाशी कानोसा घेऊन आले. बटणं गेली कपड्यांत. फोनचे आकडे गेले गिऱ्हाइकांत. शेवटी अगदी तळाशी दोन ओळींचा एक तुकडा उरला. त्याचं नाव नुसतं 'ते'. ना वर काही खुलासा, ना कुणी त्याला बोलावणारं. तिने खोलीत उभं राहून विचारलं, हे 'ते' कुणाचं? पावतीवाल्याने मान हलवली, नवरदेवाने खांदे उडवले. साहेब दारात फोनवर होते, त्यांनी फोनवर हात ठेवून बघू म्हटलं आणि पुन्हा बोलायला लागले. तिने 'ते' पुसलं. आणि मग किरकोळच पुसली. त्या संध्याकाळी ती म्हणे जिना उतरताना गुणगुणत होती. फरशीवाल्याने स्वतः ऐकलं.

पुढच्या बुधवारी सकाळी ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजायला लागले.

लॉन्ड्र्यांना बुधवारी सुट्टी असते. पावतीवर कपडे न्यायचा दिवस छापताना प्रोग्रॅम इतकी वर्षं बुधवार वगळत आला होता. आता त्याने बुधवार छापला होता, गावभर. बंद शटरांसमोर लोक पावत्या हातात घेऊन उभे. एका वादकाचा काळा कोट आत, आणि संध्याकाळी त्याचा कार्यक्रम. एका वकीलसाहेबांच्या सगळ्या पँटी आत, ते अंगावरच्या पायजम्यात लॉन्ड्रीवाल्याच्या घरी जाऊन बसलेले. लॉन्ड्रीवाले अंथरुणातून उठून ऑफिसला फोन करत होते, आणि सुट्टीच्या दिवशी झोपमोड झालेला लॉन्ड्रीवाला काय बोलतो ते लिहिण्यासारखं नसतं.

कप्पेताईचा चेहरा पांढरा पडला. तिने तारखांचं पॅकेज उघडलं. तिनेच लावलेलं, चकचकीत. त्याच्यात बुधवारचा कुठे उल्लेख नाही. सुट्ट्या बाहेरून कुणीतरी आणून देतं, एवढंच तिथे लिहिलेलं. कोण आणून देतं? तिने पावत्या बघितल्या, गिऱ्हाइकं बघितली, सामायिक बघितली. मोज्यांशिवाय हाताला काही लागेना. पाठीमागे अख्खं ऑफिस गोळा झालेलं. कुणीतरी हळूच म्हणालं, की किरकोळ होती तेव्हा हे असं नव्हतं. ते ऐकून तिला रडू येतं की राग येतो हे तिचं तिलाच कळेना. इतके दिवस मरमर करून, हाडाची काडं करून आवरलं, आणि लोकांना पसारा आठवायला लागला. आता कसली बदली. आता हे लोक तिला या खुर्चीला खिळा मारून ठोकणार.

साहेब तिच्या खुर्चीमागे फोन कानाला लावून उभे होते. पलीकडून ते वकीलच बोलत असावेत, कारण साहेब नुसतं हो साहेब, हो साहेब करत होते. तिने पुन्हा एकदा तारखांचं पॅकेज उघडलं तसे ते वैतागले. फोनवर हात दाबला आणि म्हणाले, "अहो, तिथे काय शोधताय सारखं? बुधवार तिथे नाहीच आहे. किरकोळ उघडली की 'ते' आपलं आपण जाऊन तारखांना सांगायचं, बुधवार धरू नका म्हणून. त्याला बोलवावं लागत नाही."

फोनमधून वकिलाचा आवाज बारीक येत राहिला.

खरंच, असं असतं कधीकधी. फाईल नुसती उघडली तरी तिच्यातला एखादा तुकडा स्वतःच उठून काम करून येतो. त्याला हाक मारावी लागत नाही, म्हणून हाका मोजणाऱ्या बाईला तो मेलेला वाटला. पण त्या घडीला हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. सगळे साहेबांकडे बघत होते.

नवरदेव भोळा. त्याने विचारलं, "साहेब, तुम्ही तर त्या फाईलीला हात लावला नव्हता ना?"

साहेबांनी फोन पुन्हा कानाला लावला, पण उलटा. मग खोलीतल्या कुणाकडेच न बघता म्हणाले, की तेव्हा कंपनीत ते एकटेच होते, टेबल एक होतं, आणि लॉन्ड्रीही एकच होती, आणि जेवायला जायचं होतं.

म्हणजे ती फाईल काढणारा तो भुकेला माणूस हाच.

कप्पेताईने खुर्ची सावकाश वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, यावर ऑफिसात अजून दोन मतं आहेत. ती म्हणाली, "साहेब, चूक कुणी शोधली?"

"कुठली?"

"बुधवारची. मला सापडत नव्हती. कुणी सांगितली?"

साहेबांनी लिफ्टच्या दिशेने बघितलं. लिफ्ट दिसत नव्हती, आणि लिफ्टसमोर जे बोलले होते ते ऐकणारे सगळे इथे हजर होते. पावतीवाला तर तोंडावर रुमाल धरून उभा. साहेबांनी होतं नव्हतं ते सगळं मनात चाळून बघितलं असावं आणि हाताला एकच लागलं. "बघू," ते म्हणाले.

"बघून झालंय, साहेब," ती म्हणाली.

आधी तिने बुधवार दुरुस्त केला. पायजम्यातला वकील अजून वाट बघत होता. 'ते' आता तारखांच्या पॅकेजात बसलं, त्याचं नाव साप्ताहिक सुट्टी, आणि पहिल्या ओळीत लिहिलं, विचारा: साहेब. त्यानंतर बदलीच्या कागदावर सही व्हायला काही दिवस गेलेच, आणि त्या दिवसांत साहेबांनी तिला तीनदा चहा विचारला. पूर्वी कधी विचारल्याचं कुणाला आठवत नाही. तिने तिन्ही वेळा चहा घेतला आणि कप धुऊन कपांच्या कप्प्यात ठेवला.

शेवटच्या दिवशी तिने खण रिकामा केला. तिन्ही टाचण्यांच्या डब्या, वायरी, चिठ्ठ्या. बाहेर पडताना नवरदेवाच्या टेबलाशी थांबली, निरोप घ्यावा म्हणून. तो मान खाली घालून काहीतरी खटाखट लिहीत होता. पडद्यावर एक नवी फाईल उघडी होती. दोनच ओळी होत्या तिच्यात. नाव दिलं होतं 'सध्या'.

"ताई, बघा ना जरा," तो म्हणाला. "हे कुठे ठेवायचं कळेना. भूकही लागलीय."

तिने तोंड उघडलं. कप्पेताईला जे जे बोलायचं होतं ते तिच्या कपाळावरच्या शिरेत दिसत होतं, असं पावतीवाला सांगतो. मग तिने तोंड मिटलं, पिशवी खांद्यावर टाकली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर निघून गेली.